शंखी गोगलगाय आपल्या शिवारात आली कुठून? आणि तशाच इतर काही गोष्टी

तेरणाकाठ (औसा) | १२ जून, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. मृगाचा पहिला दमदार पाऊस काल आमच्याकडे झाला आणि आज अंधार पडताच मी बॅटरी व खताची रिकामी गोणी घेऊन धुऱ्याने फिरून आलो. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि धाराशिव जिल्ह्यांत शंखी गोगलगायींनी सोयाबीनची काय गत केली हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हा फेरफटका कशासाठी ते सांगावे लागणार नाही. त्या वर्षी आमच्या तीन एकरांपैकी दीड एकरावर दुबार पेरणी झाली आणि दुबार उगवलेले कोंबही दोन रात्रींत गेले. सकाळी तासांमध्ये नुसते खुंट उभे होते आणि ढेकळांवर वाळलेल्या चिकट द्रवाच्या रुपेरी रेघा चमकत होत्या. माझ्या चुलत्यांनी त्या रेघांकडे बघत "ही देवाची करणी आहे, इथे आपले काही चालायचे नाही" असे म्हटले होते, आणि खरे सांगायचे तर तेव्हा मलाही तसेच वाटले होते.

पुढे वाचनात आले ते असे, की हा प्राणी मुळात आपल्या देशाचाच नाही. त्याचे घर पूर्व आफ्रिका. १८४७ साली विल्यम बेन्सन नावाच्या शंखशिंपल्यांच्या अभ्यासकाने मॉरिशसहून या गोगलगायी कलकत्त्याला आणल्या आणि त्या तेथील चौरंगी भागातल्या बागेत सोडल्या गेल्या. भारतातील या गोगलगायीची वंशावळ तेथून सुरू होते. कोणा एकाची हौस, दूरच्या शहरातली एक बाग, आणि पावणेदोनशे वर्षांनी औसा तालुक्यातले माझे दीड एकर सोयाबीन, ही सांगड मला अजूनही पचलेली नाही.

ही गोगलगाय एवढी पसरली कशी, याचे उत्तर तिच्या देहातच आहे. प्रत्येक गोगलगाय नरही असते आणि मादीही, त्यामुळे जोडी जमली की दोघीही अंडी घालू शकतात. ती मऊ मातीत साबुदाण्यासारखी पिवळसर पांढरी अंडी घालते, एका वेळी शंभरापासून चारशेपर्यंत, आणि वर्षातून अनेकदा. पाऊस संपला की मातीत शिरून शंखाचे तोंड पातळ पापुद्र्याने बंद करते आणि सहा-सहा महिने न खाता पडून राहते. आपण मे महिन्यात रान तापले म्हणून निर्धास्त असतो, तेव्हा ती खाली झोपलेली असते. शंख वाढविण्यासाठी तिला चुना लागतो, म्हणून आमच्या विहिरीच्या चुना दिलेल्या कठड्यावर त्या रात्री ओळीने चिकटलेल्या मी पाहिल्या आहेत. कान भिंतीजवळ नेला तर बारीक खरवडल्याचा आवाज येतो.

हा धागा काढण्याचे कारण इतकेच, की ज्याला आपण निसर्गाचा कोप किंवा निसर्गाची किमया म्हणतो, पण ज्याच्या मुळाशी माणसाचा हात निघतो, अशा आपल्या मराठवाड्यातल्या गोष्टी येथे एकत्र याव्यात. वर्तमानपत्रातली चटकदार कात्रणे शक्यतो नकोत. स्वतः पाहिलेले किंवा नीट पडताळलेले असावे, एवढी विनंती.

बालाघाट (केज) | १२ जून, रात्री १०.३५

तेरणाकाठ, तुमचे दुखणे ते आमचेही दुखणे. आमच्याकडे २०२२ मध्ये तिबार पेरणी केलेले शेतकरी आहेत. माझा प्रश्न सरळ आहे. आफ्रिकेत या गोगलगायीचा कोणी ना कोणी शत्रू असणारच. परदेशातून गोगलगाय येऊ शकते तर तिचा शत्रू का आणता येऊ नये? औषधाच्या गोळ्यांवर दरवर्षी किती पैसा घालायचा?

वाणकाठची बाई (अंबाजोगाई) | १३ जून, सकाळी ७.१५

मी एकतीस वर्षे जीवशास्त्र शिकविले आहे, म्हणून बालाघाट यांच्या प्रश्नाला थोडे सविस्तर उत्तर देते. हा प्रयोग जगात होऊन गेला आहे आणि त्याची गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगत असे.

हवाई बेटांवर हीच आफ्रिकी गोगलगाय फोफावली तेव्हा १९५५ साली तेथे अमेरिकेच्या फ्लोरिडा भागातील एक शिकारी गोगलगाय मुद्दाम सोडण्यात आली. गुलाबी झाक असलेल्या शंखाची ही गोगलगाय दुसऱ्या गोगलगायींच्या चिकट रेघेचा माग काढत जाते आणि त्यांना खाते. कागदावर योजना बिनचूक होती. प्रत्यक्षात मात्र या शिकाऱ्याने मोठ्या आफ्रिकी गोगलगायीपेक्षा त्या बेटांवरच्या लहान, झाडांवर राहणाऱ्या, कोणाच्याही पिकाला हात न लावणाऱ्या स्थानिक गोगलगायींवर ताव मारला. १९७७ साली तोच उपाय पॅसिफिक महासागरातील मोरेआ बेटावर केला गेला आणि अवघ्या दहा वर्षांत तेथील पार्टुला वंशातील गोगलगायी त्यांच्या रानातून नाहीशा झाल्या. शास्त्रज्ञांनी वेळीच काही जिवंत पकडून परदेशातील प्राणिसंग्रहालयांत डब्यांमध्ये सांभाळल्या होत्या, म्हणून त्यांचा वंश तरी उरला. आफ्रिकी गोगलगाय मात्र त्या बेटांवरून गेली नाही.

आपल्याकडे शत्रू आणण्याची गरज नाही, कारण तो धुऱ्यावर बसलेला आहे. तपकिरी पंखांचा, लाल डोळ्यांचा भारद्वाज, ज्याला आपल्याकडे कुंभारकावळाही म्हणतात, शंख फोडून गोगलगाय खातो. काजव्याच्या अळ्यादेखील गोगलगायींवर जगतात. उन्हाळ्यात आपण धुऱ्याचे झुडूप पेटवून देतो तेव्हा भारद्वाजाचे घरटे आणि काजव्याची अळी दोन्ही त्यात जातात, आणि मातीखाली झोपलेल्या गोगलगायीला धगही लागत नाही.

दुधना (सेलू) | १३ जून, सकाळी ९.०५

बाईंचे म्हणणे मान्य, पण चित्र एकतर्फी होऊ नये म्हणून दुसरी बाजू नोंदवतो. गाजर गवताविरुद्ध परदेशी शत्रूच कामी आला आहे. हे गवत मूळचे मध्य अमेरिकेकडचे. भारतात ते ठळकपणे नोंदले गेले १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात, आणि ते परदेशी गव्हाच्या आयातीबरोबर आले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. आज आमच्या सेलूच्या रेल्वे रुळांपासून गावाच्या स्मशानापर्यंत ते नाही अशी जागा दाखवा.

या गवतावर जगणारा मेक्सिकन भुंगा १९८० च्या दशकात आपल्या शास्त्रज्ञांनी आणला, पण आणल्याबरोबर सोडला नाही. हा किडा उपाशी ठेवला तरी आपल्या पिकांवर तग धरत नाही, याची आधी बंदिस्त जागेत परीक्षा घेतली आणि १९८४ साली बंगळूरला तो मोकळा केला. मी स्वतः परभणीच्या कृषी विद्यापीठातून भोके पाडलेल्या प्लास्टिकच्या डब्यात हे भुंगे आणून गावठाणात सोडले होते. पिवळसर पाठीवर काळ्या वेड्यावाकड्या रेघा असतात. तिसऱ्या आठवड्यात गवताची पाने चाळणीसारखी झाली. मात्र हा भुंगा पावसाळ्यातच काम करतो. थंडी-उन्हाळ्यात जमिनीत जाऊन बसतो आणि ओलिताच्या कडेचे गवत तोवर पुन्हा फुलते. तेव्हा शत्रू आणणे चूक नाही, पण हवाईत जी परीक्षा घ्यायची राहिली ती घेतल्याशिवाय आणू नये.

वाणकाठची बाई (अंबाजोगाई) | १३ जून, सकाळी ९.४०

दुधना, सहमत. माझ्या उत्तरात ही बाजू यायला हवी होती.

गोठा (उदगीर) | १३ जून, दुपारी ३.२०

मी पशुवैद्यक म्हणून नोकरी करून निवृत्त झालो आहे. या धाग्यात मी जे लिहितो ते थोडे कबुलीजबाबासारखे होईल.

नव्वदच्या दशकात आमच्या हाती डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक आले. लंगडणारा देवणी बैल, कास सुजलेली म्हैस, ताप भरलेले लाल कंधारी खोंड, सगळ्यांना ते लागू पडे; औषध स्वस्त होते आणि संध्याकाळपर्यंत जनावर उठून वैरण खाई. मी स्वतः ते किती टोचले याचा हिशेब नाही. काही जनावरे तरीही दगावत आणि लोक त्यांना गावाबाहेरच्या ओढ्याकडे टाकून येत. माझ्या लहानपणी त्या ओढ्यावर गिधाडांची पंगत बसे, आणि सकाळी टाकलेल्या बैलाची दुपारी नुसती हाडे उरत. पंगत कधी मोडली ते आम्हा कोणालाच कळले नाही. गिधाडे दिसेनाशी झाली तेव्हा आम्ही म्हणत होतो की दुष्काळामुळे ती दुसरीकडे गेली असावीत.

२००४ साली कारण सिद्ध झाले. ज्या जनावराला मरणापूर्वी थोडेच दिवस आधी हे औषध दिलेले आहे, त्याचे मांस खाल्लेल्या गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते आणि त्याच्या आतड्यांवर, काळजावर युरिक आम्लाचा खडूसारखा पांढरा थर साचतो. मला सर्वांत जास्त हादरा बसला तो पुढच्या आकड्याने. गिधाडांचा हा संहार घडण्यासाठी मेलेल्या शंभर जनावरांत एक विषारी असणेसुद्धा पुरेसे होते. अभ्यासकांच्या हिशेबाने एक टक्क्याहूनही कमी. एका मढ्यावर पन्नास गिधाडे जेवतात आणि गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते, हे ध्यानात घेतले की हिशेब जुळतो. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत ९९.९ टक्क्यांनी घटली.

२००६ मध्ये जनावरांसाठी हे औषध बंद झाले. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोहोचतच होत्या, म्हणून २०१५ मध्ये त्या बाटलीचा आकार एका मात्रेपुरता करावा लागला. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना अपाय न करणारे औषध उपलब्ध आहे. ज्यांच्याकडे गुरे आहेत त्यांनी डॉक्टरांकडे तेच मागावे.

आणि हे प्रकरण पक्ष्यांपुरते राहिले नाही. न खाल्लेली मढी कुजू लागली, पाणी नासले, मोकाट कुत्री वाढली. इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थतज्ज्ञांनी, जेथे पूर्वी गिधाडे होती आणि जेथे नव्हती अशा जिल्ह्यांतील मृत्यूंची तुलना केली. २००० ते २००५ या काळात गिधाडे नाहीशी झाल्यामुळे पाच लाखांहून अधिक माणसे जास्तीची दगावली, असा त्यांचा अंदाज २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. मी बैलाच्या मांडीत सुई खुपसत होतो तेव्हा तिचे दुसरे टोक कुठे आहे याची मला कल्पना नव्हती.

सिंदफणा (माजलगाव) | १३ जून, सायंकाळी ६.१०

गोठाकाका, तुमचे लिहिणे वाचून बराच वेळ काही सुचले नाही.

तेरणाकाठ यांनी कात्रणे नकोत असे म्हटले आहे, म्हणून एका गाजलेल्या कात्रणाचाच समाचार घेतो. डिसेंबर २०२१ मध्ये आमच्या तालुक्यातील लवूळ गाव जगभर पोहोचले. कुत्र्यांनी वानराचे पिल्लू मारले आणि सूड म्हणून वानरांनी अडीचशे कुत्री मारली, अशी ती बातमी होती. माझ्या मावशीला पुण्याहून, मुंबईहून आणि दुबईहूनही फोन आले.

वानरे कुत्र्याची पिल्ले उचलून माळवदावर आणि झाडावर नेत होती, हे खरे आहे. वनविभागाने दोन वानरे पकडून दूर नेऊन सोडली, हेही खरे आहे. अडीचशेचा आकडा मात्र कोणी मोजलेला नव्हता. एवढ्या गावात तेवढी पिल्ले आणायची कुठून? सूड हा शब्द तर वानरांच्या वागण्यात बसतच नाही. वानरे दुसऱ्याचे पिल्लू उचलून कुशीत घेतात, त्याच्या अंगातल्या उवा शोधतात, ही त्यांची जात्याच असलेली खोड आहे. वानराचे पिल्लू आईच्या पोटाला घट्ट धरून बसते. कुत्र्याच्या पिल्लाला तशी पकड नाही आणि वानराचे दूध त्याला मिळत नाही. त्यामुळे उचललेले पिल्लू उंचावरून पडते किंवा वर भुकेने मरते. मावशीच्या माळवदावर एक पिल्लू दीड दिवस केकाटत होते आणि वानर त्याच्या पाठीवरून हात फिरवीत शेजारी बसले होते, हे तिने स्वतः पाहिले आहे.

बालाघाट (केज) | १३ जून, रात्री ८.००

म्हणजे ज्या बातमीचे आश्चर्य वाटायचे ती बातमी फुगवलेली, आणि खरे आश्चर्य त्या वानराच्या मायेचे. हे मला ठाऊक नव्हते.

कयाधू (हिंगोली) | १३ जून, रात्री ८.४५

आमच्याकडची एक गोष्ट थोडक्यात सांगतो. २०१९ साली यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून गळ्यात रेडिओ कॉलर असलेला एक तरुण वाघ निघाला, तेलंगणात डोकावून आमच्या हिंगोली जिल्ह्यातून गेला आणि शेवटी बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. सुमारे नऊ महिन्यांत त्याची पायपीट तीन हजार किलोमीटरच्या घरात गेली. दिवसा तो नाल्यांच्या काठच्या झाडीत किंवा कापसा-तुरीच्या रानात पडून राही आणि रात्री चाले. कॉलर नसता तर तो आमच्या शेतातून गेला हे आम्हाला कधीही कळले नसते. त्यानंतर टिपेश्वरचाच एक वाघ २०२१ मध्ये गौताळ्यात आला, आणि २०२४ च्या अखेरीस आणखी एक थेट धाराशिवच्या येडशी रामलिंग अभयारण्यात.

लोक म्हणतात, मराठवाड्यात जंगल वाढले म्हणून वाघ आले. मला हे पटत नाही. टिपेश्वर जेमतेम दीडशे चौरस किलोमीटरचे आहे आणि तेथे जागा पुरत नाही, म्हणून तरुण नर बाहेर पडतात. येडशीचे अभयारण्य तर त्याहून कितीतरी लहान, सुमारे बावीस चौरस किलोमीटर. वाघ आला याचा आनंद मलाही आहे, पण पाहुणा अडचणीमुळे आला आहे, आपल्या समृद्धीमुळे नव्हे.

बुडीत गाव (पैठण) | १४ जून, सकाळी ६.३०

नाव असे का, ते शेवटी कळेल.

जायकवाडीच्या नाथसागरावर हिवाळ्यात पक्षी बघायला लांबून लोक येतात. रोहित येतात, कांड्या करकोचे येतात, आणि पट्टेरी डोक्याचे राजहंस येतात, जे मध्य आशियातून हिमालय ओलांडतात. त्यांच्या अंगाला यंत्र बांधून मोजले तेव्हा एकाची उंची ७,२९० मीटर भरली. इतक्या विरळ हवेत माणसाला बसल्या जागी धाप लागते. या पक्ष्यांच्या रक्तातील हिमोग्लोबिनच असे आहे, की ते विरळ हवेतूनही प्राणवायू घट्ट पकडते. असा हा पक्षी डिसेंबरच्या सकाळी पैठणच्या चिखलात हरभऱ्याचे कोवळे शेंडे खुडत असतो आणि शेतकरी त्याला हाकलत असतो.

आता तेरणाकाठ यांच्या मुद्द्याकडे येतो. हे सर्व नैसर्गिक वाटते, पण १९७६ पूर्वी येथे तलाव नव्हता. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते धरणाची पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी उद्घाटन केले. गोदावरीचे खोरे येथे सपाट असल्यामुळे पाणी खोल न साठता परातीतल्यासारखे पसरले, सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटर. अभियंत्यांच्या दृष्टीने हा दोषच, कारण उथळ पाण्याची वाफ फार होते. पाणपक्ष्यांना मात्र नेमके असेच उथळ पाणी आणि मोकळा चिखल लागतो. दहा वर्षांत, म्हणजे १९८६ साली, तेथे पक्षी अभयारण्य जाहीर झाले. धरण पक्ष्यांसाठी बांधले नव्हते. ते त्यांना आयते मिळाले.

त्या पाण्याखाली शंभरावर गावे गेली, त्यांत आमचे एक. वडील पुनर्वसनाच्या गावात राहिले, पण "आपले गाव" म्हणताना हात नेहमी पाण्याकडेच करीत. धरण तळाला गेलेल्या एका उन्हाळ्यात ते मला चिखलातून घेऊन गेले होते. घरांची जोती, एका उखळाचा दगड आणि वडाचे काळे पडलेले खोड दिसत होते. जोत्यावर शेकाट्याच्या लाल पायांची एक जोडी उभी होती. वडील म्हणाले, "हे आपले देवघर. आता यांचे." त्या आवाजात राग नव्हता, आणि आनंद होता असेही मी म्हणणार नाही.

वाणकाठची बाई (अंबाजोगाई) | १४ जून, सकाळी ८.१०

बुडीत गाव, हे लिहिल्याबद्दल आभार.

बालाघाट (केज) | १४ जून, दुपारी १.२५

आता मला कामाचे कोणी सांगा. आठवड्याभरात आमची पेरणी आहे. परदेशी शत्रू नको, हे पटले. मग नेमके करायचे काय?

तेरणाकाठ (औसा) | १४ जून, रात्री ९.१५

बालाघाट, मी जे करतो ते सांगतो. बारदाने गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी धुऱ्यालगत अंथरायची. रात्री गोगलगायी वासाने येतात आणि उजाडताना गारव्यासाठी त्यांच्याखालीच दडून बसतात. सूर्य वर येण्याआधी बारदान उलटून त्या वेचायच्या आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकायच्या. मेल्यावर शेताबाहेर खड्डा करून वर चुना टाकून पुरायच्या. हातमोजे घातल्याशिवाय हात लावू नये, कारण यांच्या अंगात माणसाच्या मेंदूला अपाय करणाऱ्या कृमीच्या अळ्या असू शकतात; हातमोजे नसतील तर प्लास्टिकची पिशवी हाताला गुंडाळावी. मेटाल्डिहाईडच्या गोळ्या मी वापरल्या आहेत आणि त्या काम करतात, पण गेल्या वर्षी आमच्या आखाड्यावरचे कुत्रे त्या खाऊन तडफडत मेले. चूक माझीच, पुडा उघडा राहिला होता. यंदा गोळ्या आणलेल्या नाहीत. आणि हे काम एकट्याच्या शेतात करून भागत नाही, शेजाऱ्यानेही केले पाहिजे, नाहीतर त्याच्या रानातल्या तिसऱ्या रात्री आपल्याकडे हजर होतात.

बाईंचे वाचल्यापासून उत्तरेच्या धुऱ्यावरची बोरी-बाभळीची झुडपे यंदा पेटवली नाहीत याचे बरे वाटते, जरी ते कंटाळ्यामुळे राहिले होते. आज पहाटे त्या झुडपात भारद्वाज घुमत होता आणि खाली चार-पाच फुटके शंख पडलेले होते. माझ्या बादलीत एकशे बारा निघाल्या. ही देवाची करणी म्हणणारे आमचे चुलते सकाळी दोन किलो मीठ आणि एक फाटके बारदान घेऊन आले, आणि कलकत्त्याच्या त्या बागेची गोष्ट त्यांनी मला दोनदा सांगायला लावली. त्यांचे बारदान आता दोघांच्या सामाईक धुऱ्यावर अंथरले आहे.